नागपूरच्या जागी संत्री

पुण्याहून एक तरुण आमच्या घरी आला होता. जुने जाहिरातीचे नकाशे गोळा करायचा त्याला नाद. रेल्वेचे, जहाज कंपन्यांचे, ट्रॅव्हल्सवाल्यांचे, ज्यांत गावांच्या जागी चित्रं असतात तसले. जालन्यातल्या एका बंद पडलेल्या लॉजमध्ये त्याला आमच्या भागातल्या ट्रॅव्हल्सचा नकाशा मिळाला, आणि कोपऱ्यातल्या सहीवरून विचारत विचारत तो मंठ्याला माझ्या दारात येऊन उभा राहिला. ओसरीवर त्याने तो नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर आमच्याच घरातल्या वाट्या ठेवल्या आणि वाकून बोट टेकवलं.

"मॅडम, सगळ्यात भारी काय असेल तर ही नागपूरची संत्री. काय गोड काढलीत!"

मी म्हटलं, "गुंडाळ ते आणि ऊठ."

चहा अजून आत उकळत होता. नवरा लगबगीने बाहेर आला आणि त्याला गेटपर्यंत सोडून आला. माझ्या वतीने माफीही मागितली असणार. माझ्या वतीने माफी मागायची त्याला जुनी सवय आहे.

ती संत्री मी काढलेली नाहीत. बाकी सगळा नकाशा माझा.

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. नवरा बसस्टँडसमोर पत्र्याच्या टपरीत बसून एका ट्रॅव्हल्सचं बुकिंग करायचा. त्या गाड्यांचा मालक आष्टीकडचा, मोठा जमीनदार. आधी ट्रक होते, मग एक लक्झरी घेतली, मग पुणे, मुंबई, सुरत, नागपूर, चारी बाजूंना त्याच्या गाड्या धावायला लागल्या. व्हिडिओ कोच नवे नवे निघाले होते. गाडीत पिक्चर दिसतो म्हणून लोक काम नसताना पुण्याला जाऊन यायचे. त्याला सगळे 'मालक' म्हणायचे. आम्हीही तेच म्हणायचो.

एका उन्हाळ्यात, सुट्ट्या लागल्या लागल्या, तो आमच्या वस्तीत आला. त्याची जीप गल्लीत शिरत नव्हती, म्हणून कोपऱ्यावर ठेवून चालत आला. आमच्या घरी तो पहिल्यांदाच येत होता. अंगणातल्या खुर्चीवर बसला. सासूने पाणी आणलं तर म्हणाला, "ठिवा, आत्ताच पिऊन आलो." चहाला म्हणाला, "आत्ताच झाला." तांब्या खुर्चीच्या पायाशी तसाच राहिला. माझ्या सासूने तो उचलला आणि त्याच्यादेखत सगळं पाणी जास्वंदीला घातलं. तिला काही बोलायची गरज पडायची नाही.

त्याने बगलेतून एक गुंडाळी काढली. हैदराबादच्या जुन्या बाजारात त्याला कुठल्या तरी गोऱ्यांच्या जहाज कंपनीचा नकाशा मिळाला होता. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, पण काय चित्रं! समुद्रात बोटी आणि मासे, राजस्थानात उंट, काशीला घाट, म्हैसूरला हत्ती, आणि प्रत्येक ठिकाणी छत्री घेतलेली एक गोरी बाई सगळं बघत उभी. मी चित्र शिकवणारी बाई. माझे हात शिवशिवले.

"हे बघा बाई," मालक म्हणाला. "साऱ्या हिंदुस्थानात काही ना काही काढलंय. आन् आपल्या मराठवाड्यात काय ठिवलं? वाघ! जांभई देत बसलाय. म्हंजे इथं माणूसच न्हाई!"

खरंच तिथे एक वाघ होता. गोदावरीच्या वरच्या अंगाला, आरामात.

"मला असाच नकाशा पाहिजे. बराबर असाच, पण आपला. जालना मधात. सारे रस्ते जालन्यातून निघाले पाहिजेत. शिवकाशीहून छापून आणतो. गावागावात, हॉटेलात, दवाखान्यात, न्हाव्याच्या दुकानात लावू. वाचता येत न्हाई त्यालाबी कळलं पाहिजे की आपली गाडी कुठं कुठं जाते."

मला ती कल्पना आवडली. माणूस आवडला नव्हता, पण कल्पना चांगली होती, आणि वाचता न येणाऱ्यांची गोष्ट तर मला फारच पटली. माझ्या सासूला वाचता येत नव्हतं.

उन्हाळाभर मी ते काम केलं. घरात एवढं मोठं टेबल नव्हतं, म्हणून जमिनीवर पाट मांडून त्यावर ड्रॉइंग बोर्ड टाकला आणि ओणवं होऊन काढलं. पंखा लावला की रंग ब्रशवरच वाळायचे, बंद केला की घाम कागदावर पडायचा. मधोमध जालना, मोती तलाव आणि लोखंडाच्या कारखान्यांचा धूर. तिथून लाल फितीसारखे रस्ते निघालेले आणि त्यांच्यावर बोटभर निळ्या गाड्या. लोणारला तळ्याचा गोल डोळा. वेरूळला कैलास. शेगाव, शिर्डी, माहूर. सुरतेला कापडाचे तागे, गोव्याला नारळ, तिरुपतीला टकलू झालेलं एक सुखी कुटुंब. मालक अधूनमधून यायचा आणि हुकूम सोडून जायचा. आष्टी ठळक पाहिजे. आष्टीच्या रस्त्यावरचा त्याचा पेट्रोल पंप पाहिजे. पिंपळगाव रेणुकाईचं देऊळ मोठं काढा, तिथे त्याची सासुरवाडी. मी ते सगळं काढलं. माहूरच्या गडाहून पिंपळगावचं देऊळ मोठं झालं, तरी मी काही बोलले नाही.

"नागपूरला काय काढू?" एकदा मी विचारलं.

"काढा की तुमच्या मनानं."

मी माझ्या मनाने दीक्षाभूमीचा स्तूप काढला. तेव्हा तिथे घुमटाचं बांधकाम अजून चालू होतं. मी तो पुरा झाल्यासारखा काढला, पांढराशुभ्र, शेजारी बोधिवृक्ष, आणि पायऱ्यांवर पांढऱ्या लुगड्यातल्या इवल्या इवल्या बाया. त्यातली एक वाकलेली होती. सासू माझ्या मागे उभी राहून बघत होती. तिने तिला ओळखलं आणि म्हणाली, "माझी कंबर एवढी वाकली का गं?" ती माझ्या लग्नाआधीपासून दर दसऱ्याला नागपूरला जायची. कधी ट्रकमधून, कधी रेल्वेने, आणि मालकाच्या गाड्या सुरू झाल्यापासून मालकाच्या गाडीने. वस्तीतली सगळीच जायची. दसऱ्याला मालक नागपूरला जादा गाड्या सोडायचा आणि त्या भरून द्यायचं काम माझ्या नवऱ्याचं.

चित्र पुरं झाल्यावर मालक बघायला आला. बराच वेळ बघत राहिला. नागपूरवर त्याची नजर थांबली होती, हे मी पाहिलं. "एक नंबर," म्हणाला. गुंडाळून घेऊन गेला.

छापील नकाशे भादव्यात आले. नवऱ्याने एक घरी आणून अंगणातल्या भिंतीवर लावला. शेजारपाजारच्या बाया जमल्या. रंग शिवकाशीवाल्यांनी फार भडक केले होते, पण चित्र माझंच होतं. सासू पुढे झाली. जालन्यावर बोट ठेवून ती निघाली. लोणारचं तळं ओलांडलं, मेहकर, कारंजा, अमरावती. लाल रस्त्यावरून बोट सरकत गेलं आणि थांबलं.

"हे काय गं? लिंबं?"

मी जवळ गेले. स्तूप नव्हता, झाड नव्हतं. पायऱ्या आणि बाया नव्हत्या. तिथे संत्र्यांचा एक ढीग होता, चकचकीत, वरच्या संत्र्याला दोन हिरवी पानं. शिवकाशीच्या कुणा चित्रकाराने काढलेला, सफाईदार हात.

"संत्री आहेत, आत्याबाई."

"मंग आपलं कुठंय?"

तिने नकाशावरचं बोट उचललं.

"मंग म्या काय संत्र्याला हात जोडू?" सासू म्हणाली आणि घरात निघून गेली.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिळे ठोकायची हातोडी हातात घेऊन उभा होता आणि माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होता. तेव्हाच मला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"तू उगा ताणू नको."

"कधीपासून?"

"आखाडात सांगितल्तं त्यानं. म्हणला, बाईला आत्ताच बोलू नको." मग जरा आवाज चढवून, "त्याचा नकाशा आहे. त्याचा खर्चा आहे. आपल्याला काय करायचंय?"

"खाली सही माझी आहे."

"मंग? नाव झालं ना तुझं!"

चौदा वर्षांच्या संसारात मला त्या माणसाचा एवढा राग कधी आला नव्हता. मालकाने फसवलं ते ठीक, त्याच्याकडून मी कसलीच अपेक्षा ठेवली नव्हती. पण हा रोज माझ्या हातची भाकरी खाऊन, माझ्या रंगवण्याचं कौतुक करून, पोटात ही गोष्ट दाबून बसला होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी जालन्याला गेले. मालकाची काचेची केबिन होती. बाहेर तिकिटाला आलेली माणसं, आत तो. त्याच्या डोक्यावर फ्रेममध्ये माझा नकाशा. त्याने मला बसा म्हटलं. मी उभी राहिले.

"स्तूप का काढून टाकला?"

"बाई, धंदा आहे हा." तो अगदी शांत होता. "ते काढलं की काही गिऱ्हाईक नाराज होतं. उगं कशाला? नागपूर म्हणलं की संत्री. लहान लेकराला बी कळतं."

"आणि आमचं गिऱ्हाईक? दसऱ्याला तुमच्या गाड्या कोण भरतं?"

तो हसला. वाईट हसला असं मी म्हणणार नाही. एखाद्या विद्यार्थ्याला सोपी गोष्ट समजावताना आपण हसतो, तसा हसला.

"तुमचे लोक तर येतेतच की. त्यांना नकाशा लागत न्हाई."

ते वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं भाजी चिरताना, फळा पुसताना, वर्गात बसलेल्या पोरांच्या वह्या बघताना ऐकलं आहे. 

"तुमच्या मराठवाड्यात गोऱ्यानं वाघ बसवला, तर तुम्हाला किती झोंबलं होतं," मी म्हटलं. "इथं माणूसच नाही असं दाखवतो म्हणालात. तुम्ही वेगळं काय केलं?"

आता तो हसला नाही. "बाई, तुम्ही शाळेत शिकवा. मला शिकवू नका. आन् घरवाल्याचं बी जरा बघा. टपरी माझ्या नावावर आहे."

केबिनच्या बाहेर सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "माझी सही खोडा."

"आता छापलं बाई. आता काय खोडता?"

मंठ्याला परतले ती थेट टपरीत गेले. वाटायचे नकाशे तिथे गठ्ठ्याने पडले होते. नवऱ्याच्या टेबलावरची काळी शाई घेतली आणि एकेका नकाशावरची माझी सही पुसायला लागले. नवरा आधी गयावया करू लागला, मग माझा हात धरला, मग लोक बघतायत म्हणून सोडला. गठ्ठा संपेपर्यंत मी उठले नाही. पण ते तेवढेच. बाकीचे कधीच गावोगाव गेले होते, आणि त्यातलाच एक त्या पुण्याच्या पोराला सापडला.

संध्याकाळी सासू म्हणाली, "यंदा आपण त्याच्या गाडीत बसायचं न्हाई."

हे तिने सांगितलं, मी नाही. मी पुढे काय करायचं ते ठरवलं. एसटी प्रासंगिक करारावर मिळते, म्हणजे सगळ्यांनी मिळून आख्खी गाडी ठरवायची. माझ्या शाळेतले एक गुरुजी आणि मी परतूरच्या आगारात जाऊन त्याची चौकशी करून आलो. मग सासू आणि मी घरोघर फिरलो. सासू ओट्यावर बसायची, नकाशा समोर पसरायची आणि म्हणायची, "दाखवा, आपण कुठं जातो ते." पुढचं बोलायची फारशी गरज पडत नव्हती. काही जण मात्र भांडले. एक जण मला तोंडावर म्हणाला, "बाई, तुमच्या चित्रासाठी आम्ही लाकडी बाकावर हाडं मोडून घ्यायची का? त्याच्या गाडीत पिक्चर असतो." मी म्हटलं, "जा मग, पिक्चर बघ." तो आजतागायत माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही.

सगळ्यात मोठं भांडण घरात होतं. नवऱ्याला जादा गाड्यांचं बुकिंग करायचं होतं आणि त्याची आई त्याचीच गिऱ्हाइकं तोडत होती.

"तुम्ही दोघी मिळून मला रस्त्यावर आणून राह्यल्या," तो ओरडला.

सासूने मान वर केली नाही. "तुझा बाप रस्त्यावरच खडी फोडत होता," ती म्हणाली. "मेला न्हाई त्यानं."

तो मग माझ्यावर घसरला. शिकलेली बायको केली हीच चूक झाली म्हणाला. मी म्हटलं, चूक माझीही झाली. आणखी बरंच बोललो. काही गोष्टी अशा बोललो की पुढे त्या दोघांनाही परत घेता आल्या नाहीत, आणि घेतल्याही नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, एसटीच्या गाड्या वस्तीच्या तोंडाशी येऊन लागल्या. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, पिठल्या-भाकरीची गाठोडी, निळे झेंडे. बसस्टँडसमोरून आम्ही निघालो तेव्हा मालकाची लक्झरी तिथे उभी होती. पडदे सरकवलेले, आत व्हिडिओ चालू. कुठली तरी हाणामारी चालली होती आणि सीटवर फक्त क्लीनर बसून ती बघत होता. माझा नवरा टपरीच्या दारात उभा होता. सासूने खिडकीतून त्याला हाक मारली, "येतो का?" त्याने मान फिरवली. गाडी पुढे गेली.

नागपूरला सासूला सांभाळत मी गर्दीतून फिरले. अर्धवट घुमटावर बांबूच्या परांच्या बांधलेल्या होत्या. सासू बराच वेळ वर बघत राहिली आणि म्हणाली, "तू काढला तसा झाला की मंग बघू." ती तो पुरा झालेला बघायला राहिली नाही.

परत आलो तेव्हा टपरीला दुसरं कुलूप होतं. नवऱ्याची एजन्सी गेली होती. मालकाने समोरसुद्धा बोलावलं नाही, क्लीनरच्या हातून निरोप पाठवला. नवरा मोंढ्यात एका आडत दुकानावर कारकुनीला लागला. कापसाची धूळ खाऊन त्याला खोकला जडला तो कायमचा. त्याने मला त्याचा दोष दिला. अजूनही खोकल्याची उबळ आली की माझ्याकडे एकदा बघतो.

पुढच्या दसऱ्यालाही आम्ही एसटीनेच गेलो. आष्टीकडच्या, परतूरकडच्या वस्त्यांतूनही मग तसंच सुरू झालं. आणि मालकाला धंदा कळत होता. दोनेक वर्षांनी त्याने नकाशा पुन्हा छापला. आमच्या मुख्याध्यापकांनी तो शिक्षकांच्या खोलीत लावून ठेवला आणि मला मुद्दाम बोलावलं. "बघा बाई, टाकलं ना आता? झालं ना समाधान?"

मी बघितलं. चित्र आता दुसऱ्या कुणाचं होतं. नागपूरला संत्री बाजूला सरकवून एक घुमट बसवला होता. घुमटावर देवळाचा कळस आणि कळसावर झेंडा. ज्याने काढला त्याने कधी दीक्षाभूमी पाहिली नव्हती, आणि ज्याने काढवून घेतला त्याला ती पाहायची गरज वाटली नव्हती. मी खुर्ची ओढली, वर चढले आणि नकाशा उतरवून मुख्याध्यापकांच्या हातात दिला.

"तुम्हाला कशानंच बरं वाटत नाही," ते म्हणाले.

"अशानं वाटत नाही," मी म्हटलं.

पुढे मोठ्या शहरांतल्या कंपन्या या रस्त्यांवर आल्या, एसी गाड्या आल्या, आणि मालकाच्या निळ्या गाड्या एकेक करून विकल्या गेल्या. मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. आष्टीला मळ्यातल्या घरात तो पडून असायचा. नवरा त्याला भेटायला जायचा. ज्याने क्लीनरकरवी हाकललं, त्याच्या उशाशी हा जाऊन बसायचा. आल्यावर मला सांगायचा, "फार वाळलाय. बोलता येत न्हाई बराबर. तुझी आठवण काढली. म्हणला, बाईला म्हणा राग सोडा."

"आणखी काय म्हणाला?"

"आणखी काय म्हणल? तेवढंच."

"चुकलो म्हणाला?"

नवऱ्याने सदरा काढून खुंटीला लावला.

"मग कशाचा राग सोडू?"

मालक वारला तो रविवार होता. नवऱ्याने सकाळीच पांढरा सदरा घातला आणि माझ्याकडे बघून दारात थांबला. मी ज्वारी निवडत होते. "चल ना," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाशी काय वैर?" मी सूप उचलून खडे पाखडले. तो एकटा गेला.

दुपार कलल्यावर आला. अंगणातच अंघोळ केली. मी ताट वाढलं. जेवताना म्हणाला, "त्याच्या पोरानं विचारलं, बाई आल्या न्हाईत का."

"तुम्ही काय सांगितलं?"

"शाळा आहे म्हणलं."

"रविवारी?"

त्याने पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"दहाव्याला जाल तेव्हा खरं सांगा," मी म्हटलं. "म्हणावं, तिला यायचं नव्हतं."

त्याने ताट पुढे सरकवलं. भाकरी मागितली. मी वाढली.